तीन नंबरचा पिस्टन

"एकोणीसचा दे," म्हणत भीमराजने ट्रकखालूनच हात मागे केला. हातात पाना पडला नाही. मनगटावर जुन्या तेलाचा एक थेंब पडला, तेवढाच. मग त्याचं त्यालाच उमगलं आणि कूस बदलून तो स्वतःच पाना हुडकू लागला.

सतरा वर्षं झाली, मागे कोणी बसत नव्हतं, तरी हात जायचाच. मधल्या काळात शेडमध्ये किती जण आले, काम शिकले आणि नाशिक-चाकणला पांगले. कोणी चुकून मागे बसलं की भीमराज त्याला उठवायचा. "तिथं नको," एवढंच म्हणायचा. का नको, ते विचारायची कोणाची छाती नव्हती. ती जागा बन्सीची होती, त्याच्या धाकट्या भावाची, आणि बन्सीचं नाव त्या पत्र्याखाली कोणी घेत नसे. आता तर बन्सीच नव्हता. दोन वर्षांपूर्वी होळीच्या सुमाराला काविळीनं गेला.

ट्रक कारभारी अण्णांचा होता. जुनी, लाल नाकाची, सहा सिलिंडरची गाडी. वर्षाचे सात महिने मळ्यात लिंबाखाली उभी, आणि हंगाम सुरू झाला की नुसता ऊस एके ऊस. गेल्या हंगामात तिनं डिझेलच्या बरोबरीनं तेल प्यायलं आणि प्रत्येक चढावर निळा धूर ओकला. पोरं म्हणत होती, भंगारात घाला. अण्णांचा जीव होईना. म्हणून कारखान्याचा बॉयलर पेटायच्या महिनाभर आधी ती इंजिन बांधायला भीमराजकडे आली होती. कोपरगावातून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्याची पत्र्याची शेड. तिला पाटी नव्हती, पण भीमराज मिस्त्री म्हटलं की कुठलाही ड्रायव्हर बोट दाखवायचा.

हे इंजिन शेवटचं बांधलं होतं तेही त्यानंच. मधे दोनदा इंजिनाचं वरचं हेड उतरलं, ते दुसरीकडे कुठे कुठे. खालचं ऑइल चेंबर मात्र तेव्हापासून कोणी उघडलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर भीमराजला ते उघडायचं नव्हतं. गाडी आल्यापासून त्यानं चार दिवस नसती कामं काढली. रेडिएटर धुतला, पंप सोडला, ज्या नळ्यांना काही झालं नव्हतं त्याही घासून ठेवल्या. आज हेडही उतरवून झालं आणि चेंबरशिवाय काही उरलं नाही, तेव्हा तो खाली शिरला होता.

या इंजिनाला एक आवाज होता. थंडीच्या दिवसांत सकाळी सुरू केलं की ठक्-ठक्, ठक्-ठक् करायचं, कोणी दारावर बोटानं वाजवावं तसं. वस्तीवरून पाटाच्या पुलापर्यंत गाडी जाईतो इंजिन तापायचं आणि पुलावर आवाज आपोआप बंद व्हायचा. भीमराजचं आणि बन्सीचं घर एकमेकांना लागून, मधे एकच भिंत. हंगामात रोज, दिवस उजाडताना, ती ठकठक आधी बन्सीच्या दारावरून जायची आणि मग भीमराजच्या. भीमराज जागाच असायचा. आवाज पुलावर मरेपर्यंत तो श्वाससुद्धा मोकळा सोडत नसे.

कारण त्या आवाजावरूनच दोन भाऊ तुटले होते.

तेव्हा शेड टाकून दोनच वर्षं झाली होती. बौद्ध वस्तीतला माणूस दुसऱ्याच्या हाताखालून उठून स्वतःचं गॅरेज टाकतो आणि बडे बागायतदार त्याच्याकडे गाड्या लावतात, हे काहींच्या डोळ्यांत सलतच होतं. इंजिन बांधून दिलं आणि तिसऱ्याच सकाळी अण्णा गाडी घेऊन परत हजर. तेही कुठे, तर शेडसमोर रस्त्यापलीकडच्या बनुबाईच्या चहाच्या टपरीपुढे, दहा-बारा ड्रायव्हर बसलेले असताना. भीमराजनं मोठा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि एकेक सिलिंडर ऐकत गेला. आवाज तिसऱ्यात होता. सहातले चार पिस्टन त्यानं स्वतः बसवले होते आणि दोन बन्सीनं. तीन आणि चार बन्सीचे, असं त्याला पक्कं आठवत होतं. सगळे बघत होते, त्यामुळे ते फारच पक्कं आठवलं.

"तीन नंबर बन्सीचा हाय," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "माज्या हातचं काम असं वाजत न्हाई."

बन्सी चहाचा ग्लास धरून उभा होता. त्यानं आवाज चढवला नाही. "दादा, उघडून बघ," एवढंच म्हणाला.

"उघडून काय बघायचंय? कानाला कळतंय."

अण्णांना हंगाम गाठायचा होता. गाडी ओढतीय ना, मग वाजंना का, म्हणाले आणि घेऊन गेले. पुढे त्यांना त्या आवाजाची सवयच झाली. ड्रायव्हर लोकांना मात्र एक खेळणं मिळालं. बन्सी दिसला की कोणीतरी पत्र्यावर ठकठक वाजवायचं. आठ दिवस त्यानं ते ऐकून घेतलं. नवव्या दिवशी आपले पाने एका फडक्यात बांधले, गाठोडं वरच्या फळीवर ठेवलं आणि शेडच्या बाहेर पडला. मग शेवटपर्यंत कारखान्याच्या गेटवर हंगामी वॉचमन. इंजिनाला त्यानं पुन्हा हात लावला नाही. भावाशी बोलला नाही. गाठोडं अजून फळीवर तसंच होतं, भीमराजनं ते ना खाली काढलं ना झटकलं.

एकोणीसचा पाना सापडला. चेंबर खाली आलं. भीमराजनं पाठीवर झोपून बॅटरीचा उजेड वर धरला.

मनमाडच्या ज्या उस्तादांकडे दोघं भाऊ शिकले, त्यांची एक शिस्त होती. पिस्टनच्या दांड्याची खालची कॅप ज्यानं आवळली, त्यानं तिच्यावर आपली खूण ठोकायची. आपलं काम आपल्याला ओळखता आलं पाहिजे, असं उस्ताद म्हणायचे. भीमराजच्या पंचाची खूण तिकोनी होती. बन्सीनं जुन्या व्हॉल्व्हची दांडी घासून पंच केला होता, त्याची खूण गोल ठिपका.

पहिल्या कॅपवरचं तेल त्यानं पुसलं. तिकोन. दुसऱ्यावर तिकोन. तिसरी कॅप त्यानं सोडून दिली आणि चौथी पुसली. गोल ठिपका. पाचवी पुसली. तिथंही गोल ठिपका, स्वच्छ, नेमका मधोमध.

दोन ठिपके झाले. बन्सीचे पिस्टन दोनच होते.

त्यानं फडकं बाजूला ठेवलं. मग अंगठ्यानंच तिसऱ्या कॅपवरचं तेल बाजूला केलं. तिकोन होता.

"काय झालं हो मिस्त्री?" टायरवर बसलेल्या कारभारी अण्णांनी विचारलं. "क्रँक गेली का काय?"

भीमराज ट्रकखालून बाहेर आला. कॅप सोडून त्यानं तिसरा पिस्टन वरून काढला, बाकड्यावर ठेवला आणि माथ्यावरचा काजळीचा थर पत्तीनं खरवडायला लागला. पिस्टनच्या माथ्यावर एक बारीक बाण कोरलेला असतो. तो रेडिएटरकडे ठेवायचा, एवढं तर पहिल्या महिन्यात शिकवतात. उलटा बसला तर इंजिन बंद पडत नाही, फक्त थंड असताना पिस्टन बाजूला आपटत राहतो. बाण दिसायला लागला. इंजिनात दांड्याची कुठली बाजू पुढे होती ते त्यानं दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदाही पाहिलं. बाण मागे होता.

आणि मग सतरा वर्षं जे आठवलं नव्हतं ते सगळं एकदम आठवलं. बन्सी तिसरा पिस्टन हातात घेऊन, बाण शोधत, सावकाश फिरवून बघत होता. अण्णा शेजारी उभे होते. गिऱ्हाइकापुढे भावाचा वेळकाढूपणा बरा दिसेना, म्हणून भीमराजनं त्याच्या हातातून पिस्टन ओढून घेतला होता. 'सरक, बघ कसा बसवत्यात,' असं म्हणून, अण्णांशी बोलता बोलता, एका दमात खाली दाबला होता. अण्णा वा म्हणाले होते. त्या 'वा'साठीच तर सगळं केलं होतं.

"अण्णा," तो म्हणाला, "तीन नंबर म्या बसवला हुता. तुमच्यासमोर."

अण्णा जवळ आले, पिस्टन बघितला, त्यांना त्यातलं काही कळलं नाही. "बसवला असंल की. येक तुमी माज्यासमोर बसवल्याला आठवतोय मला. झटक्यात बसवला हुता."

"मग टपरीवर बोलला का न्हाई तवा?"

"आता मला काय ठावं, त्यो तीन हुता का चार? तुमी बन्सीचा म्हनला, आमी ऐकलं. मिस्त्री तुमी का मी?" अण्णा पुन्हा टायरवर जाऊन बसले. "जाऊ द्या ना. मानूस गेला बिचारा. आता उकरून काय करता?"

पण भीमराजनं पिस्टन आणि कॅप फडक्यात गुंडाळली होती. ज्या जागेवर भावाचं नाव घालवलं त्याच जागेवर ते परत द्यायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. रस्ता ओलांडताना त्यानं दोन्ही बाजूंना पाहिलंसुद्धा नाही.

टपरीवर सात-आठ ड्रायव्हर बसले होते. भीमराजनं पिस्टन आणि कॅप बाकड्यावर ठेवली.

"ऐका जरा," तो म्हणाला. मग खाकरून पुन्हा म्हणाला, "ऐका. अण्णांच्या गाडीचा तीन नंबर बन्सीचा न्हवता. माजा हुता. ही बघा माजी खून. म्या बन्सीवर ढकललं. त्यो खरा हुता आन् म्या खोटा."

मग एक जण म्हणाला, "कोन बन्सी?"

"पंपावरचा का हो? त्यो टँकरवाला?"

"न्हाई रे, त्यो बन्सी येगळा."

भीमराज एकेका तोंडाकडे बघू लागला. त्या दिवशीच्यांतलं एकही तोंड त्यांत नव्हतं. काही वारले होते, काही गाव सोडून गेले होते आणि बाकीचे घरी बसून नातवंडं सांभाळत होते. म्हातारी बनुबाई गाळणं आपटत म्हणाली, "ह्येंचा भाऊ रं. बिनसाखरेचा घ्यायचा. गरीब मानूस." आवाजाचं, पत्र्यावरच्या ठकठकीचं तिला काहीच आठवत नव्हतं. एका तरण्या ड्रायव्हरनं पिस्टन उचलून उलटा-सुलटा केला. "काका, ह्याचा अॅश-ट्रे लई भारी व्हतो. देता का?"

भीमराजनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. ज्या लोकांच्या भीतीनं भावाचा बळी दिला, त्यांना भाऊही माहीत नव्हता आणि बळीही. कोणी शिवी हासडली असती, थुंकलं असतं, तरी त्याला बरं वाटलं असतं.

मग एकच दार उरलं.

विमलबाई, बन्सीची बायको, घरात खाली बसून मेथी निवडत होती. थोरला दीर दारात उभा बघून तिनं पदर सावरला, पण बसा म्हणाली नाही. भीमराज या उंबऱ्याच्या आत सतरा वर्षांत एकदाच आला होता, बन्सी गेला त्या दिवशी त्याला उचलायला.

"विमल, आत येऊ का?"

"या."

भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि खाली फळीवर बन्सीचा फोटो, कारखान्याच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, म्हणून जरा पुसट. भीमराजनं फडकं सोडलं. खूण दाखवली, बाण दाखवला, सगळं सांगितलं. सांगताना तो एकदाही फोटोकडे बघू शकला नाही. "म्या त्याला खोटा पाडला," तो शेवटी म्हणाला. "आन् त्यो खोटा न्हवता."

विमलबाईनं तिकोनावर बोट ठेवलं. तिला धक्का बसला नव्हता.

"त्येंना ठावं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"तीन नंबर तुमचा हुता, त्ये. पयल्या दिवसापास्नं. घरी येऊन मला म्हनले, दादाचा हात हुता त्याला."

"मंग बोलला का न्हाई त्यो?"

"बोलले की. उघडून बघ म्हनले, सगळ्यांदेखत. मान्सानं किती डाव बोलायचं?"

विमलबाईनं पिस्टन उचलून मांडीवर घेतला. तेलाचा डाग लुगड्याला लागला, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"मला लई राग यायचा तुमचा," ती म्हणाली. "मदी भिंत येकच. तुमी खोकला तरी हिकडं ऐकू यायचं. येवढ्या वर्सांत येकदा यायाचं हुतं, दादा. आज आला तर रिकाम्या घरी आला."

तो मान खाली घालून रडला. ती थांबवायला गेली नाही. बऱ्याच वेळानं उठून तिनं पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला.

"थंडीत सकाळी गाडी जायची ना," ती म्हणाली, "तवा त्येंना जाग यायची. चल, दादाचं इंजिन गेलं, ऊठ, म्हनायचे मला. हासत म्हनायचे. मंग त्ये चूल पेटवायचे. मला अजून त्याच आवाजानं जाग येती." तिनं भीमराजकडे वळून बघितलं. "आता इंजिन नवं केल्यावर त्यो आवाज ऱ्हाईल का?"

"न्हाई," भीमराज म्हणाला.

"बरं," म्हणून तिनं मेथीची जुडी पुढे ओढली.

नवे लायनर-पिस्टन आले. क्रँक घासून आली. भीमराजनं वरच्या फळीवरचं गाठोडं खाली काढलं, फडक्याची धूळ झटकली आणि गाठ सोडली. पान्यांना गंज नव्हता. बन्सीनं जाताना त्यांना तेल लावून ठेवलं होतं. त्यातला एकोणीसचा भीमराजनं हाताशी घेतला.

पहिला पिस्टन बसला, दुसरा बसला. तिसरा हातात घेतल्यावर मात्र तो थांबला. माथ्यावरचा बाण कोरा, लख्ख दिसत होता. नुसतं मनगट फिरवायचं होतं. आवाज परत आला असता, तोच, तशीच थंडीतली ठकठक, आणि विमलबाईला आपल्या वेळेला जाग आली असती. अण्णांची तक्रार नव्हती, त्यांना सवयच होती. कोणालाही कळलं नसतं. त्यानं पिस्टन अर्धा फिरवलासुद्धा.

"काय शोधताय?" अण्णांनी विचारलं.

"बाण," भीमराज म्हणाला.

बन्सी असाच सावकाश फिरवत होता तेव्हा. त्याला कोणी घाई केली नसती तर त्यानं तो नीटच बसवला असता. तेव्हाची चूक नकळत झाली होती, आता ती जाणूनबुजून करायची म्हणजे बन्सीच्या हातातून तो पुन्हा एकदा ओढून घ्यायचा. भीमराजनं बाण रेडिएटरकडे केला, दोनदा बोट लावून बघितला आणि पिस्टन हळूहळू खाली उतरवला. मग ट्रकखाली जाऊन बन्सीच्या पान्यानं कॅप आवळली आणि आपला तिकोन ठोकला. काम त्याचं होतं, खूणही त्याचीच हवी होती.

इंजिन सुरू झालं तेव्हा अण्णांचा चेहरा फुलला. भीमराज मात्र स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिसऱ्या सिलिंडरला लावून, मूठ कानाला लावून उभा राहिला.

"लोन्यावानी चाललंय की! काय ऐकताय?" अण्णा म्हणाले.

"काय न्हाई," म्हणत त्यानं कान काढला आणि थोड्या वेळानं पुन्हा लावला.

हंगामाच्या पहिल्या दिवशी चांगली थंडी पडली. भीमराज अंधारातच उठून, घोंगडी पांघरून दारात बसला होता. उजाडता उजाडता वळणावर दिवे दिसले. गाडी बन्सीच्या दारावरून गेली, त्याच्या दारावरून गेली, इतर गाड्या जातात तशीच. पाटाच्या पुलावर पोहोचली तेव्हा ती तिथे पोहोचली हे त्याला फक्त तांबड्या दिव्यांवरून समजलं. त्यानं भिंतीला कान लावला. पलीकडे भांडं वाजलं नाही, चूल फुंकल्याचा आवाज नाही.

ऊन ओट्यावर आलं. शेजारचं दार उघडायला आठ वाजून गेले. विमलबाई घाईघाईनं केस बांधत, हंडा घेऊन बाहेर आली आणि उन्हाकडे बघून दचकली.

"आज जागच आली न्हाई मला, दादा," ती म्हणाली. "गेली का गाडी?"

"गेली," भीमराज म्हणाला.

ती हंडा कमरेवर घेऊन पाटाकडच्या रिकाम्या रस्त्याकडे थोडा वेळ बघत उभी राहिली. मग नळावर गेली.